यादीतली झाडे : पश्चिम भारतातील जुने वनस्पतिग्रंथ आणि उद्यानग्रंथ
(प्रस्तावना)

वनस्पतींवरचे आणि बागांवरचे जुने ग्रंथ जमवण्याचा नाद जगात बहुतेक ठिकाणी चित्रांपायी लागतो. हाताने रंगवलेली कमळे, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले गुलाब, एकट्याला उचलता न येणारे ऑर्किडांचे ग्रंथ हे या बाजारातले मानकरी. पश्चिम भारतात मात्र हा नाद याद्यांपासून लावून घ्यावा लागतो. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर एकोणिसाव्या शतकात जी पुस्तके निघाली, त्यांतली बहुतेक बिनचित्रांची आहेत. झाडाचे शास्त्रीय नाव, देशी नाव, सापडल्याचे ठिकाण, फुलण्याचा काळ, बागेतले असेल तर कुठून आले, एवढाच मजकूर पानामागून पान चालतो. ही पुस्तके दिसायला रुक्ष आणि बांधणीला साधी असतात, लिलावात त्यांच्यावर बोली चढत नाही. तरीही साष्टी, ठाण्याची खाडी, कोकण आणि सह्याद्री यांच्या हिरव्या इतिहासाचा इतका दाट छापील पुरावा दुसरीकडे मिळत नाही. प्रस्तुत ग्रंथ या याद्यांच्या बाजूने लिहिला आहे. चित्रांचे ग्रंथ त्यात येतात, पण पाहुणे म्हणून.

या क्षेत्रात मुख्यतः चार जातींचे ग्रंथ मोडतात. औषधी वनस्पतींचे ग्रंथ सर्वांत जुने. युरोपात त्यांना हर्बल म्हणतात, आपल्याकडे निघंटू. दुसरी जात ‘फ्लोरा’ची, म्हणजे एखाद्या प्रदेशात आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींचे कुळवार वर्णन. तिसरीत बागकामाची पुस्तके येतात: आळी, कलमे, खते, हंगाम. चौथी बागांच्या इतिहासाची, आणि ती बरीच उशिरा जन्माला आली. यांच्या कडेकडेने बियाणांच्या दुकानांचे कॅटलॉग, पुष्पप्रदर्शनांची पत्रके, वनखात्याचे अहवाल, सार्वजनिक बागांतल्या झाडांच्या छापील याद्या असा फुटकळ कागद वाहत असतो. ग्रंथालये तो सहसा जपत नाहीत, म्हणून संग्राहकाने त्याकडे जास्त लक्ष द्यावे.

युरोपातली वाटचाल थोडक्यात सांगता येते, कारण तिच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. ब्रुनफेल्स (१५३०) आणि फुक्स (१५४२) यांच्या हर्बलांत प्रथमच जिवंत झाड समोर ठेवून काढलेली चित्रे लाकडी ठशांवरून छापली गेली. पुढे लाकडाची जागा तांब्याने घेतली आणि धनिकांच्या खासगी बागांची दालनेच पुस्तकात उतरू लागली. आइश्टेट इथल्या बिशपच्या बागेवरचा १६१३चा ग्रंथ हा त्याचा ठळक नमुना. १७५३मध्ये लिनियसचा ‘स्पीशीज प्लांटारम’ निघाला. आजच्या नामकरणाच्या नियमांनुसार वनस्पतींची शास्त्रीय नावे तिथपासून धरली जातात. त्यामुळे त्यापूर्वीचे ग्रंथ इतिहासात जमा होतात आणि नंतरचे, कितीही जीर्ण असले तरी, शास्त्राला कामाचे राहतात. १७८७मध्ये सुरू झालेले कर्टिसचे ‘बोटॅनिकल मॅगझिन’ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. मादागास्करच्या गुलमोहराचे शास्त्रीय वर्णन त्याच्या १८२९च्या एका अंकात आले. मुंबईपासून पनवेलपर्यंत मे महिन्यात रस्ते लाल करणाऱ्या झाडाचा हा जन्मदाखला असल्याने तो अंक मिळवण्यासारखा आहे.

आपल्याकडची कथा गोव्यात सुरू होते. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य. त्याचे ‘कोलोकिऊश’ हे पुस्तक १५६३मध्ये गोव्यात छापले गेले. गोव्यात छापखाना आला १५५६मध्ये, म्हणजे भारतातल्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांतले हे एक आहे. औषधी द्रव्ये, फळे आणि मसाले यांच्यावरचे संवाद अशी त्याची रचना. ऑर्ता स्वतः आणि रुआनो नावाचा कल्पित पाहुणा बोलत राहतात, मध्येच नोकर येतो, जेवण येते, कोणी फळे घेऊन येतो. मुंबई बेट त्या काळी पोर्तुगीज राजाकडून ऑर्ताने खंडाने घेतले होते, आणि आंब्यावरच्या संवादात मुंबईच्या आंब्यांचाही उल्लेख आहे. प्राचीन ग्रीक ग्रंथकार काय म्हणतात यापेक्षा बाजारातला वैद्य आणि व्यापारी काय सांगतो याला ऑर्ता वजन देतो. त्या शतकात ही साधी गोष्ट नव्हती.

छपाई म्हणून पाहिले तर हे पुस्तक सामान्य आहे. चुका इतक्या की शुद्धिपत्रच पानेच्या पाने लांबते. तरी चार वर्षांत क्लूसियसने अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेप काढला (१५६७), आणि युरोपने ऑर्ता वाचला तो बहुतांशी त्या संक्षेपातून. क्रिस्तोवाओ द कोश्ता याने १५७८मध्ये बुर्गोसला काढलेल्या स्पॅनिश ग्रंथात ऑर्ताची सामग्री आहेच, शिवाय ऑर्ताकडे नसलेली चित्रेही आहेत. ऑर्ता १५६८मध्ये वारला. तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता असे ठरवून इन्क्विझिशनने १५८०मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. मूळ गोवा आवृत्तीच्या मोजक्या प्रती जगात उरल्या आहेत आणि त्या सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात येत नाहीत. फिकाल्यूच्या काउंटने संपादित केलेली लिस्बनची आवृत्ती (१८९१–९५) आणि क्लेमंट्स मार्कम यांचे इंग्रजी भाषांतर (१९१३) या दोन पायऱ्या मात्र चढता येतात. फिकाल्यूच्या टिपा आजही ऑर्तावरचे सर्वांत भरवशाचे भाष्य आहेत, आणि मूळ प्रतीच्या मृगजळामागे धावण्यापेक्षा त्या मिळवणे शहाणपणाचे.

दुसरा टप्पा कोचीचा. डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे याने सिद्ध केलेला ‘होर्तुस मलाबारिकुस’ ॲमस्टरडॅमहून १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत निघाला. सातशेहून अधिक झाडांची ताम्रपटावरून छापलेली चित्रे, आणि चित्रांवर मलयाळम, अरबी व नागरी लिपींतली नावे. नागरी नावे कोकणी बोलणाऱ्या वैद्यांची आहेत. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघांनी १६७५मध्ये लिहून दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत कोरून छापले आहे. देवनागरीच्या छपाईच्या इतिहासात ते अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी आहे. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचेही असेच प्रमाणपत्र तिथे आहे. ज्यांच्या ज्ञानावर ग्रंथ उभा राहिला त्यांची नावे ग्रंथातच नोंदवणे ही गोष्ट पुढच्या दोनशे वर्षांत फारच थोड्यांना सुचली. लिनियसने रेडेच्या चित्रांवर आधारून अनेक झाडांना नावे दिली. के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक वर्षे घालून केलेले इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठाने २००३मध्ये काढले. आज कामाला येते ते तेच.

ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात तिन्ही इलाख्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कलकत्त्याला १७८७मध्ये सरकारी बाग स्थापन झाली आणि तिच्या जिवावर मोठे सचित्र ग्रंथ निघाले. रॉक्सबर्गचे कोरोमंडल किनाऱ्यावरचे तीन खंड (१७९५–१८२०) तीनशे रंगीत चित्रांचे आहेत. वॉलिचचे ‘प्लांटे एशियाटिके रारिओरेस’ (१८३०–३२) शिळाछापाचे असून त्यातली चित्रे गोराचंद आणि विष्णुप्रसाद यांच्यासारख्या चित्रकारांची आहेत. सह्याद्रीत सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीला शास्त्रीय नाव मिळाले ते या वॉलिचच्या ग्रंथात, १८३२मध्ये. मद्रासकडे रॉबर्ट वाइटने रुंगिया आणि गोविंदू या चित्रकारांकडून हजारो चित्रे काढून घेतली. त्याच्या ‘आयकोनेस’मध्ये दोन हजारांवर चित्रपत्रे आहेत, आणि एका ऑर्किडच्या प्रजातीला त्याने गोविंदूचे नाव दिले.

मुंबईकडे असे काहीच घडले नाही. सर जॉन माल्कम यांच्या दापोडीच्या निवासाभोवती १८२८मध्ये सरकारी बाग झाली. तिचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराकडून पावणेदोनशेच्या आसपास चित्रे काढून घेतली. चित्रे उत्तम आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कुठे नोंदलेले नाही. ही चित्रे एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानाकडे गेली आणि दीर्घकाळ तिथे पडून राहिली. हेन्री नोल्टी यांनी २००२मध्ये ‘द दापुरी ड्रॉइंग्ज’ हे पुस्तक काढले तेव्हा कुठे ती लोकांसमोर आली. पुण्याजवळ रंगवलेली ही चित्रे पुण्यातल्या वाचकाला परदेशी पुस्तकातून पाहावी लागतात. याचा दोष कोणा एकाला देता येत नसला तरी, मुंबई इलाख्याच्या सरकारला वनस्पतींच्या चित्रांवर खर्च करण्याची हौस नव्हती, एवढे म्हणता येईल.

चित्रांऐवजी इथे याद्या झाल्या. त्यातली पहिली मोठी यादी जॉन ग्रॅहमची. ग्रॅहम टपाल खात्यात उपमहाधिकारी होता. मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची त्याची सूची १८३९मध्ये मुंबईच्या सरकारी छापखान्यात छापली गेली, पण ती पूर्ण होण्याआधीच तो खंडाळ्याला वारला आणि उरलेले काम त्याचा मित्र जोसेफ निमो याने केले. रानटी झाडांबरोबर बागांतली आणि बाहेरून आणलेली झाडेही ग्रॅहम नोंदवतो, अनेकदा आणणाऱ्याच्या नावासह. त्यामुळे त्याची सूची मुंबईच्या बागांच्या इतिहासाचेही साधन ठरते, आणि हा दुहेरी उपयोग बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

दुसरे महत्त्वाचे पुस्तक ‘द बॉम्बे फ्लोरा’. ते भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात १८६१मध्ये छापले गेले. लेखक दोन. निकोल डॅल्झेल मिठाच्या आणि जकातीच्या खात्यातला, तर दापोडीचे गिब्सन १८४७पासून इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. बाहेरून आलेल्या झाडांची पुरवणी यालाही जोडलेली आहे. जुन्नर, शिवनेरीच्या कड्यांवर उगवणारी शिंदळमाकुडी या पुस्तकात शोधायला जाऊ नये. डॅल्झेलने तिचे वर्णन लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात केले ते त्यानंतर, आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअरवरून तिला फ्रेरिया हे नाव दिले. फ्लोरा छापून होते तोच जुनी होऊ लागते. म्हणून चांगल्या प्रतींच्या समासात आधीच्या मालकांनी शाईने घातलेली भर आढळते, आणि अशी भर असलेली प्रत कोऱ्या प्रतीपेक्षा वरच्या दर्जाची मानली पाहिजे. बाजार याच्या उलट चालतो. संग्राहकाने बाजाराचे ऐकू नये.

यानंतरची रांग लांब आहे. जॉर्ज बर्डवुडची इलाख्याच्या वनस्पतिज उत्पन्नाची सूची १८६२ची. बॉम्बे गॅझेटियरचा वनस्पतींचा खंड (१८८६) मुख्यतः गोव्याचे डॉक्टर जुझे कामिलो लिस्बोआ यांचा. त्यांच्या पत्नीने १८८९मध्ये सुगंधी गवतांवर निबंध लिहून एका नव्या गवताचे वर्णन केले. त्या काळच्या शास्त्रीय नियतकालिकांत भारतीय स्त्रीचे नाव दिसणे दुर्मीळ, म्हणून त्या अंकाची किंमत वेगळी. मुलकी नोकरीतल्या नेअर्न यांचे ‘फ्लॉवरिंग प्लांट्स ऑफ वेस्टर्न इंडिया’ (१८९४) हे हौशी माणसासाठी लिहिलेले, वाचायला सोपे पुस्तक. टॅल्बटच्या वनवृक्षांवरच्या दोन खंडांत (१९०९–११) रेखाचित्रे आहेत, आणि ती इलाख्याच्या रुक्ष परंपरेत सुखद वाटतात.

या सर्वांचा मेरू म्हणजे थिओडोर कुक यांची ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’. कुक पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. निवृत्तीनंतर इंग्लंडमधल्या क्यू वनस्पती उद्यानात बसून त्यांनी लिहिलेले हे काम १९०१ ते १९०८ या काळात लंडनहून भागाभागाने निघाले. मूळ बांधणी दोन खंडांची असते. भारतीय वनस्पति सर्वेक्षणाने १९५८मध्ये तीन खंडांत पुनर्मुद्रण काढले. पुढे कोणी कितीही फ्लोरा लिहिल्या, तरी महाराष्ट्रात काम करणारा वनस्पतिज्ञ अजून कुक उघडतो. जुई, सायली, कुसर अशी देशी नावे त्यात रोमन लिपीत आहेत आणि उच्चार कधी कधी इतके वाकडे की झाड ओळखीचे असूनही नाव ओळखू येत नाही. तिथे मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी शब्दकोश (दुसरी आवृत्ती १८५७) हाताशी लागतो. तो झाडाझुडपांच्या नावांनी भरलेला आहे आणि म्हणून प्रस्तुत ग्रंथात त्याला वनस्पतिग्रंथांच्या फळीत जागा दिली आहे.

भारतीयांनी लिहिलेले वनस्पतिग्रंथ हा वेगळा प्रवाह आहे आणि त्याचे मूळ वैद्यकात आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३मधल्या संस्थापकांत होते. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची त्यांची सूची १८७९मध्ये निघाली. ले. कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे त्यांच्यानंतरचे. बामनदास बसू यांच्याबरोबर त्यांनी केलेले ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ अलाहाबादच्या पाणिनी कार्यालयाने १९१८मध्ये प्रसिद्ध केले. ते पाहायला कीर्तिकर उरले नव्हते. या ग्रंथाची सुमारे हजार चित्रपत्रे बरीचशी आधीच्या ग्रंथांवरून घेतलेली आहेत, तरी एका जागी इतकी चित्रे मिळण्याची सोय आधी नव्हती. ब्लॅटर, कायस आणि म्हसकर यांनी सुधारलेली दुसरी आवृत्ती (१९३३–३५) जास्त आढळते आणि वापरायला तीच बरी.

मराठीतले आणि संस्कृतातले ग्रंथ हा या क्षेत्राचा सर्वांत कमी जमवलेला कोपरा. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६मध्ये राजनिघंटू आणि धन्वंतरीय निघंटू एकत्र छापले. विष्णू वासुदेव गोडबोले यांच्या ‘निघंटुरत्नाकरा’ने संस्कृत नावांना मराठीत आणले. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘वनौषधिगुणादर्श’ आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ (१९२७) हे दोन्ही एके काळी वैद्यांच्या घरोघर असत. त्यामुळेच ते वापरून वापरून फाटले, आणि सुस्थितीतली प्रत मिळणे कठीण झाले. इंग्रजी ग्रंथांच्या सूच्या परदेशात बसून विद्वानांनी केल्या. प्रिट्झेलचा कोश, ब्लँच हेन्रीचे तीन खंड, स्टाफ्लू आणि कोवन यांचे ‘टॅक्सॉनॉमिक लिटरेचर’ उघडले की आवृत्ती, पाने, चित्रे सगळे कळते. मराठी वनस्पतिग्रंथांसाठी अशी सूची नाही. बागाईत, कलमे, पानमळा यांवरच्या लहान लहान मराठी पुस्तिका किती निघाल्या हे सांगायला आज कोणी नाही, आणि ही उणीव फक्त संग्राहकच भरून काढू शकतात.

बागांच्या बाबतीत साधने आणखी विखुरलेली आहेत. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त (बारावे शतक) उपवनातल्या क्रीडांची प्रकरणे आहेत. शार्ङ्गधराच्या चौदाव्या शतकातल्या संग्रहातला ‘उपवनविनोद’ हा भाग गिरिजाप्रसन्न मजुमदार यांनी १९३५मध्ये कलकत्त्याला स्वतंत्र काढला. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’चे हस्तलिखित ऑक्सफर्डला होते. नलिनी साधले यांच्या भाषांतरासह ते १९९६मध्ये छापून आले. मराठ्यांच्या बागांवर समकालीन ग्रंथ नाहीत. आज्ञापत्रातले आंबे, फणस तोडण्याविषयीचे निर्बंध आणि पेशवे दप्तरातले हिराबाग, सारसबाग, रमणबाग यांचे उल्लेख गोळा करावे लागतात. असे गोळा करणे ही कला म्हणून कोणी केली असेल तर भांडारकर संस्थेच्या परशुराम कृष्ण गोडे यांनी. अंजीर, मेंदी, तांबूल यांच्या इतिहासावरचे त्यांचे लेख मुळात नियतकालिकांत विखुरलेले होते. त्यांच्या सुट्या प्रती जुन्या बाजारात अजून सापडतात, आणि ज्याला झाडाचा इतिहास कसा लिहावा हे शिकायचे आहे त्याने त्या वाचाव्यात.

इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत फर्मिंजर आणि वुडरो हे दोन खांब. फर्मिंजरचे मॅन्युअल मुळात बंगालसाठी लिहिलेले, पण पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या विल्यम बर्न्स यांनी त्याचे संपादन केले आणि ते आपल्याकडेही रुळले. वुडरो पुण्यातच शिकवत असे. त्याच्या ‘गार्डनिंग इन इंडिया’च्या पुन्हा पुन्हा आवृत्त्या निघाल्या, आणि त्या शेजारी ठेवून वाचल्या तर एका पिढीत बंगल्यांच्या बागा कशा बदलल्या ते दिसते. भायखळ्याची राणीची बाग १८६२मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिचे कागद आणि पुण्याच्या एम्प्रेस गार्डनशी संबंधित पत्रके यांचा मोठा साठा कोणाकडे एकत्र नाही. पुण्याच्या पोचा मंडळींचे बियाणांचे दुकान १८८४पासूनचे. त्यांचे जुने कॅटलॉग, किमतींसकट, बागेतल्या फॅशनचा नेमका आलेख देतात. सुशोभित बागेच्या इतिहासावरचे आपल्याकडचे पहिले मोठे पुस्तक व्हिलियर्स-स्टुअर्ट बाईंचे मुघल बागांवरचे (१९१३). ते सुंदर आहे, पण दख्खनबद्दल त्यात फार अपेक्षा ठेवू नये.

विसाव्या शतकात मुंबईतली सेंट झेवियर्स महाविद्यालयातली जेझुइट मंडळी या परंपरेचे वारस झाली. ब्लॅटर यांची ताडकुळावरची आणि गवतांवरची पुस्तके, मिलार्डबरोबरचे ‘सम ब्यूटिफुल इंडियन ट्रीज’ (१९३७), आणि त्यांच्यामागून आलेल्या सांतापाऊ यांच्या खंडाळा (१९५३) व पुरंदर इथल्या फ्लोरा अजून परवडणाऱ्या किमतीत मिळतात. नवख्या संग्राहकाने सुरुवात इथून करावी, कुकपासून नव्हे.

संग्राहकांमध्येही पंथ आहेत. चित्रपंथी माणूस चित्राच्या छपाईकडे पाहतो: लाकूड, तांबे की शिळाछाप, आणि रंग हाताने भरला की यंत्राने. शास्त्रपंथी माणसाला ज्या पुस्तकात एखाद्या झाडाचे पहिले अधिकृत वर्णन आले तेच हवे असते, मग ते कितीही कळकट असो. प्रदेशपंथी माणूस एका मुलखाचे सगळे काही जमवतो. चित्रपंथाने जगभर एक अपरिमित नुकसान केले आहे: दुकानदार ग्रंथ फोडून चित्रे सुटी करतात आणि चौकटीत घालून विकतात. रॉक्सबर्ग, वाइट, कर्टिस यांची अशी सुटी पाने बैठकीच्या भिंतीवर शोभतात, पण त्यामागे एका ग्रंथाचा बळी गेलेला असतो. पूर्ण ग्रंथाची किंमत सुट्या चित्रांच्या बेरजेपेक्षा कमी असते, तोवर हा धंदा थांबणार नाही. संग्राहकाने निदान त्याला गिऱ्हाईक होऊ नये.

प्रत विकत घेताना पाने मोजणे, चित्रपत्रे सूचीशी ताडून पाहणे, नामपृष्ठ मूळचे आहे की नंतर छापून चिकटवलेले हे पाहणे, ही नेहमीची काळजी. इथे एक जादा सावधगिरी हवी. डेहराडूनच्या बिशन सिंग महेंद्रपाल सिंग या प्रकाशकाने जुन्या फ्लोरांची पुनर्मुद्रणे मोठ्या प्रमाणावर काढली. कामाला ती उत्तम आहेत, पण जुने दिसणारे कापडी पुठ्ठे पाहून त्यांना मूळ आवृत्ती समजण्याची चूक विकणाराही करतो आणि घेणाराही. एकोणिसाव्या शतकातले भडक हिरव्या कापडात बांधलेले पुस्तक हाती आले तर आणखी एक लक्षात ठेवावे: त्या काळच्या काही हिरव्या रंगांत सोमल असे. असे पुस्तक हातमोजे घालून हाताळावे, वेगळ्या पिशवीत ठेवावे, आणि मुलांच्या हाती देऊ नये.

किनाऱ्यावरची हवा हा कागदाचा मोठा शत्रू. जून ते सप्टेंबर पानांवर तांबूस डाग चढतात, बुरशी धरते. कसर शिवण आणि खळ खाते, वाळवी भिंतीला टेकलेले कपाट शोधते. कडुनिंबाची पाने, वेखंड यांचा उपयोग आपल्याकडे पोथ्यांसाठी होत आला आहे. त्याने अपाय नाही, पण हवा खेळती ठेवणे, कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवणे आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुस्तके उघडून पाहणे याला पर्याय नाही. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे आणि नाजूक पानाला प्लास्टिकचे आवरण चिकटवणे हे दोन उपाय पानाचे कायमचे नुकसान करतात. जुन्या ग्रंथालयांतून आलेल्या पुस्तकांवर कीटकनाशक पूड असण्याचा संभव असतो, म्हणून अशी प्रत उघड्यावर झटकून मगच घरात घ्यावी. कायद्याचाही एक मुद्दा: १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार पंचाहत्तर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वा शास्त्रीय मोलाची हस्तलिखिते आणि दस्तऐवज खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. झाडांची मूळ हस्तचित्रे आणि वनस्पतींच्या हस्तलिखित नोंदवह्या बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आजच्या घडीला या संग्रहाची गरज का, याचे उत्तर नवी मुंबईसारख्या ठिकाणी सहज मिळते. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७०मध्ये स्थापन झाली तेव्हा जुईनगर, नेरूळ, सानपाडा या भागात गावे, भातखाचरे, मिठागरे आणि खाडीकाठची तिवरे होती. आज तिथे रस्त्यांच्या कडेने बाहेरून आणलेली झाडे आहेत आणि मूळचे काय होते हे सांगणाऱ्या पिढ्या विरळ होत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८मध्ये राज्यभरातल्या खारफुटीच्या कत्तलीला मनाई केली. अशा वेळी खाडीकाठी कोणत्या जाती होत्या याचा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा छापील पुरावा केवळ हौसेचा विषय राहत नाही. ग्रॅहमच्या सूचीत घारापुरी, साष्टी, करंजा ही ठिकाणे आहेत, आणि करंजा म्हणजे नवी मुंबईच्या दक्षिणेचे उरण.

‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’सारख्या संकेतस्थळांवर कुक, वाइट, रॉक्सबर्ग फुकट वाचता येतात, मग कागद कशाला, असे विचारले जाते. वाचण्यासाठी नक्कीच नको. पण संकेतस्थळावर असते ती लंडनच्या किंवा सेंट लुइसच्या ग्रंथालयाची प्रत. रत्नागिरीच्या वनाधिकाऱ्याची, पुण्याच्या शिक्षकाची, परळच्या वैद्याची प्रत, तिच्या समासातली गावांची नावे, मध्ये दाबलेले पान, पावतीवरची तारीख ही तिथे सापडत नाही. मुंबईतल्या मोठ्या घरांतून नवी मुंबईच्या लहान सदनिकांत येताना असंख्य पुस्तके वाटेत गळाली. वैद्यकाची आणि वनस्पतींची पुस्तके त्यांत पुष्कळ असत, कारण ती जड असत आणि कोणाच्या उपयोगाची वाटत नसत.

प्रस्तुत ग्रंथ या प्रतींचा माग काढण्यासाठी लिहिला आहे. त्यात एकेका ग्रंथाचे मुद्रणवर्ष, छापखाना, पानांची व चित्रांची संख्या, नंतरची पुनर्मुद्रणे आणि मूळ ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. कोणता ग्रंथ कोणत्या सार्वजनिक ग्रंथालयात पाहता येतो तेही दिले आहे, कारण विकत घेण्याआधी चांगली प्रत एकदा डोळ्यांखालून गेलेली असावी. जुईनगरहून हार्बर मार्गाची एक लोकल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते आणि तिथून एशियाटिक सोसायटी पायी गाठता येते. दुसरी लोकल ठाण्याला जाते, जिथे १८९३चे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या दर वर्षी बदलतात, आणि छापील किमतीमुळे चांगल्या प्रती फुटतात. इंग्रजी ग्रंथांइतकीच जागा मराठी ग्रंथांना देण्याचा प्रयत्न केला असला, तरी मराठी विभाग अपुरा आहे. त्याला पूर्ण करणारी सूची घराघरांतल्या कपाटांत पडून आहे.

म्हणून वाचकाला एक विनंती. घर बदलताना किंवा आवरताना वनस्पतींचे, औषधींचे, बागकामाचे जुने पुस्तक हाती आले, तर ते रद्दीत देण्याआधी नामपृष्ठाचे, मालकाच्या सहीचे आणि समासातल्या नोंदींचे छायाचित्र काढावे, आणि पुस्तक जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला किंवा महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला दाखवावे. मधल्या पानांत वाळलेले पान किंवा फूल असेल तर ते काढून टाकू नये.

जुईनगर, नवी मुंबई